लवाद, मध्यस्थी, समेट, तडजोड: कुठे कोणता शब्द?

विचारणा:
एका सेवाकराराचा मराठी मसुदा तपासते आहे. त्यात असं कलम आहे: ‘उभय पक्षांत वाद उद्भवल्यास तो मध्यस्थाकडे सोपवण्यात येईल व मध्यस्थाने दिलेला निर्णय दोघांवर बंधनकारक राहील.’ मूळ मसुदा हिंदीत होता. ‘मध्यस्थ’ आणि ‘निर्णय’ हे दोन शब्द एकाच वाक्यात मला खटकतायत, पण नेमकं का ते सांगता येत नाही. कोश उघडला तर लवाद, पंच, मध्यस्थ हे एकमेकांचेच अर्थ म्हणून दिलेले. सही करणारी माणसं वकील नाहीत, मराठी वाचून सही करणार आहेत. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. गोंधळ हिंदीतून आलाय. लवाद आणि समेट यांबद्दलच्या १९९६च्या कायद्याचं हिंदी नाव ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’ असं आहे. म्हणजे तिकडे निर्णय देणारा तो ‘मध्यस्थ’. मराठीत त्याला लवाद म्हणतात. आपला मध्यस्थ दोघांच्या मधे बसतो, दोघांचं ऐकतो, एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या गळी उतरवायचा प्रयत्न करतो. निर्णय मात्र देत नाही. दोघांपैकी एकजण ‘मला नाही पटत’ म्हणून उठला, की त्याचं काम संपलं.

माझ्या मते या सगळ्या शब्दांना एकच प्रश्न विचारावा: शेवटचा शब्द कोणाचा? वाटाघाटीत तिसरा माणूसच नसतो. मध्यस्थीत तिसरा असतो, पण शेवटचा शब्द भांडणाऱ्यांचाच. लवादात तो तिसऱ्याच्या हाती जातो, आणि एकदा दिला की परत घेता येत नाही. लवादाचा निवाडा पटला नाही म्हणून नेहमीसारखं अपील होत नाही. त्याच कायद्याच्या कलम ३४खाली तो रद्द करून मागता येतो, पण कारणं मोजकीच: नोटीसच मिळाली नव्हती, लवादाने आपल्या कक्षेबाहेरच्या मुद्द्यावर निवाडा दिला, अशा प्रकारची. ‘लवादाचं चुकलं’ एवढं पुरत नाही. आता तुमच्या कलमावर सही करणाऱ्याचा विचार करा. ‘मध्यस्थ’ वाचून त्याला वाटणार, कोणीतरी समजावणीला येईल. प्रत्यक्षात त्याने दिवाणी कोर्टात दाद मागायचा नेहमीचा मार्ग सोडून दिलेला असेल. एवढी मोठी गोष्ट त्याला शब्दातून कळलीच पाहिजे.

दोन्ही शब्द एकाच भांडणात पाहायचे असतील तर बीगल सामुद्रधुनीचं प्रकरण बघा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पिक्टन, लेनॉक्स आणि न्यूएवा ही तीन बेटं अर्जेंटिनाची की चिलीची, यावर दोन्ही देशांनी लवाद मान्य केला. १९७७ साली निवाडा आला: बेटं चिलीची. जानेवारी १९७८मध्ये अर्जेंटिनाने तो धुडकावला आणि वर्षअखेरीस दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी ठाकली. तेव्हा पोप दुसरे जॉन पॉल यांनी मध्यस्थी देऊ केली आणि त्यांच्या वतीने कार्डिनल सामोरे यांनी वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंशी बोलणी केली. १९८०मध्ये पोपनी मांडलेला प्रस्तावही अर्जेंटिनाने स्वीकारला नाही. लवादाच्या बाबतीत असा नकार म्हणजे दिलेला शब्द मोडणं होतं. इथे तो अर्जेंटिनाचा हक्क होता आणि बोलणी पुढे चालू राहिली. १९८४मध्ये तह झाला. बेटं चिलीकडेच राहिली, पण भोवतालच्या समुद्राचे हक्क असे ठरले की अर्जेंटिनाला सही करता आली.

तुमचं कलम मी असं लिहीन: ‘...तो एकमेव लवादाकडे सोपवण्यात येईल व लवादाचा निवाडा दोघांवर बंधनकारक राहील.’ निर्णयाऐवजी निवाडा, कारण लवादाच्या अंतिम आदेशाला रुळलेला शब्द तोच आहे. लवाद कोण आणि कसा नेमायचा हेही त्याच कलमात लिहून टाका, नाहीतर वाद सुरू झाल्यावर पहिलं भांडण त्यावरून होतं.

प्रतिसाद:
वरच्या उत्तरात एक भर. ‘लवाद’ हा शब्द आपण माणसालाही वापरतो आणि प्रक्रियेलाही: ‘लवाद म्हणून नेमणूक झाली’, ‘प्रकरण लवादात आहे’. बोलताना चालतं. करारात मात्र ‘लवादाचा खर्च’ लिहिलं तर त्या व्यक्तीचं मानधन की सगळ्या कामकाजाचा खर्च? प्रक्रियेसाठी ‘लवादाची कार्यवाही’ असं लांब का होईना, पण लिहावं.

विचारणाकर्ती:
दोघांचेही आभार, खूपच उलगडलं. मग समेट आणि सलोखा? १९९६च्या कायद्याचं नाव मराठीत कुठे ‘लवाद व समेट’ असं दिसतं, कुठे ‘लवाद आणि सलोखा’.

प्रतिसाद:
मी समेटच्या बाजूने. सलोखा ही अवस्था आहे: सलोखा असतो, टिकतो, बिघडतो. समेट ही घटना आहे: समेट होतो, घडवून आणतात. कायदा बोलतोय तो घडवण्याबद्दल, त्यामुळे समेट जास्त चपखल बसतो.

मात्र समेट घडवणारा आणि मध्यस्थ यांत कायद्याने केलेला फरक मुळातच पातळ होता. १९९६च्या कायद्याप्रमाणे समेट घडवणारा स्वतःहून तडजोडीचा प्रस्ताव मांडू शकतो. मध्यस्थाने ते करावं की करू नये, यावर त्या क्षेत्रातच दोन मतं आहेत. जगानेही हळूहळू हा भेद सोडून दिला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २००२च्या आपल्या नमुना कायद्यात समेटाचा शब्द वापरला होता. २०१८च्या सुधारणेत तो काढून सगळीकडे मध्यस्थी केलं. २०१९मध्ये सह्यांसाठी खुल्या झालेल्या सिंगापूर या आंतरराष्ट्रीय कराराच्या नावातही मध्यस्थीच आहे. आपल्या २०२३च्या मध्यस्थी कायद्याची व्याख्याही समेटाला पोटात घेते. तेव्हा प्रक्रियेचं नाव म्हणून मध्यस्थी पुरेसा आहे.

पण समेट शब्द टाकून देऊ नका, त्याला मराठीत वेगळं काम आहे. मी कुटुंब न्यायालयात समुपदेशनाचं काम करते. तिथे ‘समेट झाला’ म्हणजे नवरा-बायको पुन्हा एकत्र राहायला गेले, असंच सगळे समजतात. ‘तडजोड झाली’ म्हणजे पोटगी किती, मुलं कोणाकडे, दागिने कोणी परत करायचे हे ठरलं. दोघं वेगळी झाली तरी तडजोड झालेली असू शकते, आणि तीही मध्यस्थीचं यशच असते. एकदा एका बाईंच्या कागदावर ‘समेट झाला’ असं लिहिलं गेलं होतं, खरं तर संमतीने घटस्फोट ठरला होता. बाई वाचून घाबरल्या: ‘मी परत जाते असं कुठे म्हटलं?’ तो शब्द बदलून ‘तडजोड’ लिहीपर्यंत त्यांनी पेन हातात घेतलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

प्रतिसाद:
शब्दांची अदलाबदल खुद्द कायद्यातही झालेली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ हे १९९९च्या दुरुस्तीने आलं आणि १ जुलै २००२पासून लागू झालं. दाखल झालेला दावा कोर्टाने लवाद, समेट, लोकअदालतीसह न्यायिक तडजोड (न्यायाधीशाच्या मदतीने होणारी) किंवा मध्यस्थी यांपैकी एकीकडे पाठवावा, असं ते सांगतं. त्यात ‘मध्यस्थी’ आणि ‘न्यायिक तडजोड’ यांच्या व्याख्या एकमेकींच्या जागी पडल्या आहेत. मध्यस्थीसमोर लिहिलंय ते न्यायिक तडजोडीचं वर्णन, आणि उलट. अफकॉन्स विरुद्ध चेरियन वर्की या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये ही मसुदाकाराची चूक असल्याचं सांगून दोन्ही शब्द अदलाबदल करून वाचावेत असं ठरवलं. त्याच निकालात हेही आहे की कोर्ट प्रकरण मध्यस्थीकडे पक्षकारांच्या संमतीशिवाय पाठवू शकतं, पण लवादाकडे पाठवायला दोघांची संमती हवीच. ‘शेवटचा शब्द कोणाचा’ या वरच्या कसोटीला हे अगदी धरून आहे.

‘लोकअदालत’ हाही फसवा शब्द. अदालत म्हटलं की न्यायाधीश निकाल देणार असं वाटतं, पण तिथे तडजोड झाली तरच निवाडा होतो. नाही झाली तर प्रकरण कोर्टात परत. एकदा निवाडा झाला की मात्र त्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, अपील नाही, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपवाद ‘स्थायी लोकअदालती’चा. वीज, पाणी, टपाल अशा सार्वजनिक सेवांच्या वादात तडजोड फसली तर ती स्वतः निर्णय देऊ शकते. नावात एका शब्दाचा फरक, पण अधिकारात केवढा! बातमी लिहिताना ‘स्थायी’ गाळू नये, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद:
मी वृत्तपत्रात आहे, म्हणून विचारतो. ‘राष्ट्रीय हरित लवाद’, ‘कृष्णा पाणीतंटा लवाद’ हे मग चुकीचं म्हणायचं का?

प्रतिसाद:
काटेकोरपणे पाहिलं तर हो. लवादाचा अधिकार पक्षकारांच्या संमतीतून येतो, तर या दोन्ही संस्था कायद्याने उभ्या केलेल्या आहेत. हरित न्यायाधिकरण २०१०च्या कायद्याने आलं, आणि कृष्णेचं १९५६च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याखाली १९६९ साली. तिथे प्रतिवादी ‘मला हे मंडळ मान्य नाही’ म्हणू शकत नाही. ‘न्यायाधिकरण’ हाच नेमका शब्द. तरी ‘कृष्णा लवाद’ पन्नास वर्षांत शेतकऱ्यांच्या तोंडी रुळलाय, तो बदला असं मी म्हणणार नाही. मथळ्यात जागा कमी असते हेही कबूल. बातमीत पहिल्या उल्लेखाला तरी न्यायाधिकरण लिहा.

प्रतिसाद:
‘मिटवणे’बद्दल कोणीच बोललं नाही. ‘वाद मिटला’ छान आहे, पण ‘प्रकरण मिटवलं’ म्हटलं की काहीतरी दाबल्याचा वास येतो. ‘बाहेरच्या बाहेर मिटवलं’ तर त्याहून वाईट. मध्यस्थी केंद्राच्या माहितीपत्रकात ‘आपले वाद येथे मिटवा’ऐवजी ‘सोडवा’ लिहावं असं मला वाटतं. लोक आधीच घाबरत घाबरत येतात.

प्रतिसाद:
पटलं. ‘पंच’बद्दल थोडं. पेशवाईत पंचायतीपुढे जाण्याआधी पंचांचा निर्णय मान्य राहील असं वादी-प्रतिवादींकडून लिहून घेत, त्याला ‘राजीनामा’ म्हणत. राजी असल्याचा नामा. हरणाऱ्याकडून ‘यजितखत’ घेत, म्हणजे हरल्याची लेखी कबुली. म्हणजे त्या काळचे पंच हे आजच्या अर्थाने लवादच, शेवटचा शब्द त्यांचा. आजच्या पंचनाम्यातले पंच मात्र निव्वळ साक्षीदार असतात, ते काहीच ठरवत नाहीत. सामन्यातले पंच पुन्हा ठरवणारे. एकाच शब्दाला ठरवणारा आणि नुसता बघणारा असे दोन्ही अर्थ चिकटले असताना करारात ‘पंच’ लिहू नये. लवाद म्हणायचं असेल तर लवादच लिहा.