मदत हवी आहे: कुंडीतल्या चाफ्याचा शेंडा कापू का?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, पूर्वेची बाल्कनी, ऊन सकाळी ७ ते ११, नंतर आपल्याच बिल्डिंगची सावली. १६ इंची कुंडीत पांढरा-पिवळा चाफा आहे, फांदीपासून लावलेला, बीचा नाही, आणि ज्या झाडाची फांदी आणली ते दरवर्षी भरभरून फुलतं. आमचा मात्र नुसता उंच चाललाय, एकच दांडा, ग्रिलच्या वर डोकं निघालं तरी फुलाचा पत्ता नाही.

थंडीत पानं गळतात ते नॉर्मल आहे हे माहितीये, तेव्हा पाणी जवळजवळ बंद असतं, खोड दाबलं तर कडक लागतं, त्यामुळे प्लीज "झाड मेलं असेल" नको. माती बदलली (लाल माती, रेती, शेणखत), युरिया बंद करून बोनमील दिलं, काही फरक नाही. पावसाळ्यात पानांमागे नारिंगी तांबेरा येतो, ती पानं काढून टाकतो, त्याचं टेन्शन नाही.

आता फेब्रुवारी संपत आलाय, पालवी फुटायच्या आत शेंडा कापला तर बाजूने फांद्या फुटतील, पण चाफ्याचा गुच्छ येतो शेंड्यालाच, म्हणजे यंदाचा सीझन बहुतेक गेलाच. गच्ची नाही, खाली जमिनीत लावायला सोसायटी देत नाही.

एवढ्या चारच तासांच्या उन्हात कुणाच्या कुंडीतल्या चाफ्याला फुलं आलीयेत का, आणि आली असतील तर शेंडा कापून की तसाच ठेवून?