उत्तर: १२ एलईडी पार एकाच लाइनवर?

ठाण्यातल्या सोसायटीच्या एकांकिकेसाठी बारा एलईडी पार (स्टेजचे गोल डबेवजा दिवे) एका डीएमएक्स लाइनवर, म्हणजे दिव्यांना कंट्रोलचा सिग्नल नेणाऱ्या केबलवर, चालतील का, असं विचारलंय. आरामात चालतील. एका लाइनवर ३२ दिवे, ५१२ चॅनल (रंग, प्रखरता अशा एकेका गोष्टीचा कंट्रोल), ही मर्यादा. पार ८ चॅनल मोडवर असतील तर ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक दिव्याचा पहिला चॅनल नंबर, १, ९, १७ असे लावत जा, शेवटचा ८९ वर येईल. दिवे वर चढवायच्या आधीच प्रत्येकावर चिकटपट्टी लावून मार्करने आकडा लिहा. नंतर शिडीवरून तो बारका डिस्प्ले वाचताना मान मोडते!

खरी गंमत पॉवरची. हॉलमधल्या जुन्या डिमरच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) लाइनवर एलईडी लावू नका, तो हॅलोजनसाठी असतो. वाशीला एका प्रयोगात आम्ही लावले आणि ऐन गंभीर प्रसंगात दिवे डिस्कोसारखे लुकलुकायला लागले. हॉलवाल्याकडून थेट, डिमरशिवायचा सप्लाय मागून घ्या. दीडशे वॅटचे बारा म्हणजे १८०० वॅट, साधारण ८ अँपिअर.

डीएमएक्सची केबल एका दिव्यातून दुसऱ्यात अशीच न्या, मध्ये वाय जोड (एका केबलचे दोन फाटे) नको. माइकची केबल वापरायचा मोहही टाळा. शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे लाइन बंद करणारा प्लग, लावा; साधा रेझिस्टर प्लगमध्ये सोल्डर केला की झालं.