तारीख धरून केलेली तयारी फुकट जाते का? (ब्रेक्झिटच्या निमित्ताने)

धागाकर्ता:
ऑक्सफर्डच्या 'मिनी' मोटारींच्या कारखान्याचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. तो दर उन्हाळ्यात देखभालीसाठी बंद ठेवतात. २९ मार्च २०१९ ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार, सुटे भाग बंदरात अडकणार, या हिशेबाने मालक कंपनी बीएमडब्ल्यूने ती सुट्टी एप्रिलमध्ये ओढून घेतली. आणि ऐन वेळी तारीखच पुढे गेली! आधी १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, शेवटी ३१ जानेवारी २०२०. सुट्ट्या ठरून गेल्या होत्या, मागे फिरता येईना. काहीही बिघडलेलं नसताना कारखाना बंद राहिला.

सरकारचंही तेच. जादा फेरीबोट-सेवेसाठी १.३८ कोटी पौंडांचं कंत्राट सीबोर्न फ्रेट नावाच्या कंपनीला दिलं, तिच्याकडे एकही जहाज नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते रद्द झालं. फेरीबोटींच्या कंत्राटांवरून युरोटनेल (समुद्राखालच्या बोगद्यातून ब्रिटन-फ्रान्स वाहतूक चालवणारी कंपनी) कोर्टात गेली, तिला ३.३ कोटी पौंड देऊन तडजोड करावी लागली. राजकारण्यांनी दिलेल्या तारखेवर कोणत्याही संस्थेने पैसा लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १:
अजिबात सहमत नाही. तयारी न करण्याची किंमत तुम्ही धरलीच नाहीत. युरोपीय संघात राहायचं की नाही यावरच्या २०१६ च्या सार्वमताआधी, कौल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला तर काय, याची तयारी करू नका असं ब्रिटिश सरकारने खात्यांना सांगितलं होतं. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने नंतर याला घोर हलगर्जीपणा म्हटलं. निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के, म्हणजे दोन्ही शक्यता समोर दिसत होत्या. बँक ऑफ इंग्लंडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, मात्र आधीच तजवीज केली होती. २४ जूनला सकाळी गव्हर्नर मार्क कार्नी समोर आले आणि बँकांसाठी २५० अब्ज पौंड उपलब्ध असल्याचं सांगून गेले. कौल उलट लागला असता तर ती तयारी वापराविना राहिली असती. म्हणून ती चूक ठरली असती का?

प्रतिसाद २:
मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते, म्हणून वेगळा मुद्दा मांडते. सगळे आयात शुल्काची चर्चा करतात, आणि गाडी अडू शकते लाकडी पॅलेटवर, म्हणजे मालाखालच्या फळ्यांच्या चौकटीवर. ब्रिटन संघात असताना तिथून युरोपात जाणाऱ्या पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागत नव्हता. बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ २०२० अखेर संपला आणि तो लागायला लागला. त्या शिक्क्यासाठी लाकूड साधारणपणे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. माल बरोबर, बिल बरोबर, पण खालची फळी बिनशिक्क्याची! युरोपशी व्यापार करार होवो न होवो, हे लागणारच होतं. अशी कामं आधी उरकायची. त्यांना तारखेशी देणंघेणं नाही.

प्रतिसाद ३:
ताई, मुद्दा पटला, पण हे मोठ्यांना जमतं. चार माणसांच्या कंपनीत पॅलेट बघणाराच पगारही करतो. व्यापार करार झाला २४ डिसेंबर २०२० ला, लागू १ जानेवारीपासून. मधल्या आठवड्यात हजाराहून जास्त पानं कोणी वाचायची? नियमच ठरलेले नसताना 'तयार राहा' म्हणणं हा छोट्या धंद्यावर अन्याय आहे. दोष सरकारचा, आणि भुर्दंड आमच्यावर.

प्रतिसाद २:
अन्याय आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ती पानं वाचायला मी सांगतच नाहीये. आपला माल सीमा ओलांडतो तेव्हा सोबत कोणते कागद असतात, कोणाच्या सहीने आणि कोणत्या परवान्यावर जातात, एवढं एका पानावर लिहा. एका दुपारचं काम आहे. करार आल्यावर त्यातलं काय बदललं तेवढंच शोधायचं.

धागाकर्ता:
ताई, पॅलेटचं मान्य. बँकेचंही मान्य, कारण सार्वमताचा दिवस पक्का होता, तो कोणी पुढे ढकलणार नव्हतं. पण कारखाना बंद ठेवणं म्हणजे कागदावरचं एक पान नव्हे. जे एकदा केलं की परत घेता येत नाही, ते सरकारी तारखेच्या भरवशावर करू नये, यावर मी अजून ठाम आहे.

प्रतिसाद १:
आणि तारीख पुढे गेलीच नसती तर? सुटे भाग खरंच अडकले असते, तर आज तुम्हीच त्यांना दूरदर्शी म्हणाला असता. त्यांनी निर्णय घेतला तेव्हा हातात जी माहिती होती, तीवरून बोला.