मदत हवी आहे: धूपकांडीच्या डायमधून माल एकसारखा येत नाही

मंडळी, इंदूरला धूपकांडीच्या सलग एक्स्ट्रूजन लाइनवर (ओला माल स्क्रूने दाबून डायच्या, म्हणजे साच्याच्या, भोकांतून कांडी काढणारं यंत्र) अडलंय. १०० किलो कोरड्या मालात कोळसा पावडर ४५, लाकूड पावडर ४०, जिगत (झाडाच्या सालीची चिकट पावडर) १५. पाणी ५५ लिटर. ४ मिमीची १२ भोकं असलेली डाय, एकच स्क्रू.

मधल्या भोकांतून कांडी पळते, कडेची मागे राहते आणि बाहेर पडतानाच खवल्यांसारखी फाटते. शिवाय स्क्रूच्या प्रत्येक फेऱ्यागणिक जाडी कमीजास्त होते. पाणी दोन लिटर वाढवलं की फाटणं थांबतं, पण ट्रेमध्ये कांडी केळ्यासारखी वाकते. वरची बाजू आधी सुकून आकसते ना. जिगत वाढवणं हा उपाय वाटत नाही: चिकटपणा वाढला की घर्षण वाढतं, बॅरल (स्क्रूभोवतीची नळी) तापतं आणि भिंतीलगतचा माल आणखी कोरडा पडतो. (हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या तोंडात, माल अडकत नाही, तेवढं पाहिलंय.)

विचारायचं एवढंच:
डायच्या आधी जाड जाळी किंवा मधे अडथळा देणारी प्लेट लावून प्रवाह समान होतो का? की मधल्या भोकांची सरळ लांबी कडेच्यापेक्षा वाढवावी?
मळलेला गोळा झाकून किती वेळ मुरवता? जिगतला पाणी प्यायला अर्धा तास पुरतो का?
पावसाळ्यात सावलीत सुकवताना ट्रे किती तासांनी उलटता?