मदत हवी आहे: नाशिकमध्ये वारसा-संवर्धनात नव्याने आलेल्या मुलांना टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला अकरा वर्षं संवर्धन वास्तुविशारद म्हणून काम करते. ऑफिस छोटं, मी आणि दोन ज्युनिअर. त्यातल्या एकीने मागच्या सोमवारी राजीनामा दिला. पुण्याला इंटिरिअरच्या कामावर जातेय, पगार इथल्या दुप्पट. तिला थांब म्हणायला माझी जीभ रेटली नाही. घरी वडील नाहीत, धाकट्या भावाची फी तीच भरते.

ही मुलगी कशी आहे ते सांगते. तिवंध्याजवळच्या एका वाड्याची मोजमापं घेत होतो. मालकांनी रस्त्याकडच्या भिंतीला काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून घेतलेला, वरून भिंत ठणठणीत दिसत होती. ही बोटाच्या पेराने भिंत वाजवत कडेकडेने चालत गेली, एका जागी थांबली आणि म्हणाली, "ताई, इथून पोकळ लागतंय." खडूने रेघ मारली. तेवढा गिलावा काढला तर आतली वीट लोणा लागून हाताने कुस्करत होती. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती अडवतं आणि क्षार विटेतच साठतात, हे वर्गात सगळेच शिकतात. हिला ते कानाने कळलं. असा कान तयार व्हायला दोन-तीन वर्षं साइटवर काढावी लागतात, आणि त्याच वर्षांत आपण मुलांना अगदी तुटपुंज्या पैशांवर राबवून घेतो. मीही तेच केलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

दुसरी अडचण हात बसण्याची. पांडवलेणी आणि सिन्नरचं गोंदेश्वर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, सुंदरनारायण मंदिर आणि सरकारवाडा राज्याच्या. तिथे शिकाऊ हात लागू नयेत हे बरोबरच आहे. मग शिकायचं कुठे, तर जुन्या नाशकातल्या खाजगी वाड्यांत. पण दर पावसाळ्यात त्यातला एखादा बसतोच, बाकीच्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लागतात, आणि मालकांना वाटतं की पाडलेलं बरं. गेल्या वर्षी एका मंदिराच्या विश्वस्तांनी तर "मुलींना परांचीवर चढवू नका" असंच सांगितलं. माझ्या दोघी दिवसभर खाली बसून दगडांना नंबर देत राहिल्या. संध्याकाळी गाडीत कुणीच बोललं नाही.

शिकवणारेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आमच्याकडे येणारे गवंडी बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. कळीचा चुना विरवायचा, पाण्याखाली महिनोन्‌महिने मुरवायचा, मग वाळू आणि सुर्खी (विटेची भुकटी) घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. गुळाचं आणि हिरड्याचं पाणी किती, हे ते मापाने सांगत नाहीत. थापीवर माल घेतात, थापी उलटी धरतात आणि तो चिकटून राहतो की सुटतो ते बघतात. ते मुलांना कुठल्या पीडीएफमधून देऊ?

२०२७ च्या कुंभासाठी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, कामं निघाली आहेत. अशा वेळी जुन्या दगडाची जाण असलेली पंचविशीतली दहा मुलं तरी गावात असायला नकोत का?

तर मदत अशी हवी आहे. पहिल्या दोन वर्षांसाठी मानधन किंवा शिष्यवृत्ती कुठून मिळू शकते? कुणाचा वाडा, ओटा, अगदी परसातली पडकी भिंत असली तरी चालेल, जिथे आम्ही रविवारी मुलांना घेऊन काम करू शकू? आणि तुमच्या ऑफिसात ज्युनिअर टिकले असतील तर तुम्ही वेगळं काय केलंत, ते प्लीज मोकळेपणाने लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी मुंबईत संग्रहालयातल्या वस्तूंवर काम करतो. लखनौच्या एनआरएलसीत, म्हणजे केंद्राच्या संवर्धन प्रयोगशाळेत, प्रशिक्षण वर्ग होतात, त्यांची जाहिरात बघत राहा. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट वारसा-संवर्धनातल्या भारतीयांना ब्रिटनमध्ये शिकायला मदत करतो. इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्याही शिष्यवृत्त्या असतात. इकोमॉस या स्मारक-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत नव्या व्यावसायिकांसाठी वेगळा गट आहे, त्यातून ओळखी खूप होतात. पण खरं सांगू का, पहिल्या वर्षी मला टिकवलं ते आमच्या मॅडमनी. प्रत्येक अहवालावर त्या माझं नाव त्यांच्या नावाशेजारी घालायच्या. त्याला पैसे लागत नाहीत, आणि पुढच्या नोकरीला तेच कामाला आलं.

प्रतिसाद २

आमचा वाडा तांबट आळीत आहे. मागच्या चौकाची भिंत झुकलीय, कडीपाट (लाकडी छत) मात्र शाबूत आहे. आई नव्वदीची, तिला वाडा पाडलेला बघवणार नाही. मुलांना खुशाल आणा. जेवण आमच्याकडे. पैसे जास्त देता येणार नाहीत, पण चुना, वाळू आणि बाबांची मजुरी मी देईन.

धागाकर्ती

दादा, अहवालावरच्या नावाचं वाचून ओशाळायला झालं. आजच जुने सात अहवाल उघडले, एकावरही दोघींची नावं नाहीत. दुरुस्त करून पक्षकारांना पुन्हा पाठवतेय.

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. भिंतीला हात लावण्याआधी टेकू द्यावे लागतील, ते आम्ही करू. तोवर त्या बाजूला कुणाला बसू देऊ नका. पहिल्या रविवारी फक्त मोजमापं आणि फोटो. चुना विरवायला परसात कमरेइतका खड्डा लागेल, जागा मिळेल ना? पाणी घातल्यावर चुना उकळतो, तेव्हा लहान मुलं जवळ नकोत. आणि आजींना विचारून ठेवा, भिंतीला शेवटचा चुना कधी लावला होता आणि तो कुठून आणायचे. पुण्याला निघालेली येणार आहे, तिला ते स्वतः लिहून घ्यायचंय.