मदत हवी आहे: कॅसांड्रा एपीटीने टाकलं, पण तीन सर्व्हर एकमेकांना ओळखतच नाहीत

अंधेरी_आयटी:
मंडळी, कॅसांड्रा (अनेक मशीनवर मिळून चालणारा डेटाबेस) कोणी स्वतः उभं केलं असेल तर जरा बघा. कमांड देवनागरीत लिहितोय, सांभाळून घ्या.

ऑफिस अंधेरीत, सर्व्हर महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर. वाशी मार्केटमधल्या शीतगृहांचे तापमानाचे सेन्सर दर मिनिटाला रीडिंग पाठवतात. आंब्याच्या हंगामात खोल्या वाढतात, आणि आत्ताचा एकुलता एक पोस्टग्रेस सर्व्हर रात्री बसला तर तेवढ्या वेळाची नोंदच राहत नाही. सकाळी व्यापारी विचारतो की माझ्या पेट्या किती डिग्रीवर होत्या, तेव्हा काय सांगणार? म्हणून तीन मशीनवर कॅसांड्रा.

तिन्हींवर उबुंटू २२.०४, ८ जीबी रॅम, जावा ११. अपाचेची रिपॉझिटरी घातली (४१एक्स वाली, म्हणजे कॅसांड्रा ४.१), तिची की वेगळ्या कीरिंगमध्ये ठेवली, मग सुडो एपीटी अपडेट आणि सुडो एपीटी इन्स्टॉल कॅसांड्रा. एकही एरर नाही.

घोळ पुढे आहे. नोडटूल (कॅसांड्राची देखरेखीची कमांड) स्टेटस दिलं की प्रत्येक मशीन फक्त स्वतःलाच दाखवतं: यूएन (चालू आणि सामील), १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच पत्ता), बस्स. मग पहिल्या मशीनवर यामल (सेटिंगच्या) फाइलमध्ये क्लस्टरचं, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशीनच्या गटाचं, नाव बदलून आमचं दिलं आणि रीस्टार्ट केलं. आता नोडटूल म्हणतं कनेक्शन रिफ्यूज्ड, आणि सिस्टिमसीटीएल स्टेटस मात्र हिरव्या अक्षरांत अ‍ॅक्टिव्ह! लॉगमध्ये तक्रार अशी की साठवलेलं नाव ‘टेस्ट क्लस्टर’ आणि दिलेलं नाव जुळत नाही. हे टेस्ट क्लस्टर मी कुठेच लिहिलेलं नाही.

पहिल्या मशीनवर एका ग्राहकाची जुनी रीडिंग भरून ठेवली आहेत. ती न घालवता हे सुटेल का?

रात्रपाळी:
सोपं आहे. सर्व्हिस थांबव, व्हार-लिब-कॅसांड्रा मधलं सगळं उडव, परत चालू कर. नाव नवीन घेतं. मी नेहमी हेच करतो.

मुलुंडची_डीबीए:
अहो रात्रपाळी, त्यांनी शेवटच्या ओळीत काय विचारलंय ते तरी वाचा! पहिल्या मशीनवर काहीही उडवू नका.

आधी झालं काय ते. डेबियन-उबुंटूचं पॅकेज टाकलं की सर्व्हिस लगेच आपोआप चालू होते, तुम्ही यामल उघडायच्या आत. त्या फाइलमध्ये मूळचं नाव ‘टेस्ट क्लस्टर’ असतं, लिसन अ‍ॅड्रेस आणि आरपीसी अ‍ॅड्रेस लोकलहोस्ट, आणि सीड्समध्येही (सुरुवातीला कोणाशी संपर्क करायचा ते पत्ते) १२७.०.०.१. म्हणजे तिन्ही मशीननी पहिल्याच मिनिटात आपापला एकट्याचा क्लस्टर मांडला आणि ते नाव सिस्टिम कीस्पेसमध्ये (कीस्पेस म्हणजे टेबलांचा गट) लिहून टाकलं. पुढे यामल बदललं की दोन नावं जुळत नाहीत म्हणून ते चालूच होत नाही. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे, चुकीच्या क्लस्टरमध्ये नोड घुसू नये म्हणून, आणि मला ती आवडते.

हिरव्या अ‍ॅक्टिव्हवर जाऊ नका. पॅकेजमध्ये जुन्या पद्धतीची इनिट स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट नीट संपली एवढंच सिस्टिमडीला (सर्व्हिस सांभाळणाऱ्या उबुंटूच्या प्रोग्रामला) कळतं. शेजारी कंसात एक्झिटेड लिहिलेलं असेल बघा. खरं काय ते व्हार-लॉग-कॅसांड्रा मधल्या सिस्टिम डॉट लॉगमध्येच कळतं.

आता पहिलं मशीन. यामलमध्ये नाव परत ‘टेस्ट क्लस्टर’ करा, चालू करा. नोडटूल स्नॅपशॉट घ्या आणि त्याची कॉपी दुसऱ्या मशीनवर ठेवा, कारण स्नॅपशॉट म्हणजे त्याच डिस्कवरच्या हार्ड लिंक. टेबलांचा स्कीमाही काढून ठेवा. मग सीक्यूएलएसएचमध्ये (कॅसांड्राला क्वेरी द्यायचा शेल) सिस्टिम डॉट लोकल टेबलात क्लस्टर नेम अपडेट करून तुमचं नाव घाला (व्हेअर की बरोबर ‘लोकल’), नोडटूल फ्लश सिस्टिम, नोडटूल ड्रेन, सर्व्हिस बंद. आता यामलमध्ये तेच नाव, लिसन आणि आरपीसीला मशीनचा खाजगी आयपी, सीड म्हणून हाच आयपी. चालू करा.

दुसरं-तिसरं रिकामंच आहे ना? तिथे रात्रपाळींचा उपाय चालेल. सर्व्हिस बंद, डेटा साफ, यामलमध्ये तेच नाव, प्रत्येकाचा स्वतःचा आयपी, आणि सीड म्हणून फक्त पहिल्याचा. स्वतःचा आयपी सीडमध्ये घातला तर नोड बूटस्ट्रॅप करत नाही, म्हणजे जुना डेटा ओढून न घेताच सामील होतो. दोन्ही एकदम चालू करू नका. दुसरा यूजे (अजून सामील होतोय) वरून यूएन वर आला की मगच तिसरा.

अंधेरी_आयटी:
ताई, फारच उपकार. दुसरं-तिसरं रिकामंच आहे. एका ब्लॉगवर स्निच (कोणता नोड कुठल्या डेटासेंटरमध्ये ते सांगणारं सेटिंग) बदलून गॉसिपिंग प्रॉपर्टी फाइल स्निच करायला सांगितलंय. तेही आत्ताच उरकू का?

मुलुंडची_डीबीए:
करा, आत्ताच करणं बरं. पण एक खड्डा आहे. सिंपल स्निचमध्ये डेटासेंटरचं नाव ‘डेटासेंटर१’ असतं आणि रॅकडीसी प्रॉपर्टीज फाइलमध्ये आधीपासून ‘डीसी१’ लिहिलेलं असतं. पहिल्या मशीनवर डेटा आहे, त्यामुळे डेटासेंटर बदललं असं म्हणून ते परत चालू व्हायला नकार देईल. तिन्हींवर त्या फाइलमध्ये ‘डेटासेंटर१’ लिहा.

ठाणे_लिनक्स:
डॉकरवर टाका, ही कटकटच नाही.

मुलुंडची_डीबीए:
लिसन अ‍ॅड्रेस आणि सीड तिथेही द्यावेच लागतात हो.

ठाणे_लिनक्स:
बरं, ते सोडा. फायरवॉल बघितला का? ७००० पोर्ट तिन्ही मशीनमध्ये आपापसांत उघडा हवा, ९०४२ फक्त तुमच्या अ‍ॅप सर्व्हरला. ९०४२ बाहेर मोकळा ठेवू नका, मूळ सेटिंगमध्ये पासवर्डच मागत नाही. आणि पुढच्या वेळी पॅकेज टाकण्याआधी युएसआर-एसबिन मध्ये पॉलिसी-आरसी डॉट डी नावाची दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा, १०१ कोड देऊन बाहेर पडणारी, आणि तिला एक्झिक्यूट परवानगी द्या. एपीटी सर्व्हिस चालू करत नाही. यामल नीट भरा, स्क्रिप्ट काढा, मग चालू करा. उबुंटू २४.०४ वर मात्र इतक्यात उडी मारू नका, तिथे पायथन ३.१२ येतो आणि ४.१ चं सीक्यूएलएसएच त्यावर अडतं.

अंधेरी_आयटी:
झालं! ७००० खरंच बंद होता, दुसरं मशीन त्यामुळेच अडलं होतं. पोर्ट उघडल्यावर तिन्ही यूएन. महापेची फेरी वाचली. रीडिंग जशीच्या तशी आहेत. कीस्पेस रेप्लिकेशन फॅक्टर (डेटाच्या किती प्रती ठेवायच्या तो आकडा) १ वर होतं, ते नेटवर्क टोपोलॉजी स्ट्रॅटेजी करून ३ केलं. आता कीस्पेसचं नाव देऊन स्टेटस बघितलं तर ओन्सच्या रकान्यात तिन्हींपुढे १०० टक्के. बेरीज ३०० कशी?

मुलुंडची_डीबीए:
तीन नोड, तीन प्रती. प्रत्येकाकडे सगळ्याची एक प्रत, म्हणून १०० बरोबर आहे. पण हा आकडा फक्त कोणी काय सांभाळायचं ते सांगतो. जुन्या रीडिंगच्या सगळ्या प्रती अजून तिन्हींवर पोचलेल्या नसतील. नोडटूल रिपेअर फुल (तिन्हींवरच्या प्रती जुळवणारी कमांड) चालवा, ते संपल्यावर अ‍ॅपची कन्सिस्टन्सी कोरम (तीनपैकी दोन प्रतींचं उत्तर पुरे) करा, आणि मग एक मशीन बंद करून रीडिंग येतात का बघा. हे हंगामाच्या आधी करा.

अंधेरी_आयटी:
रिपेअर लावलंय, चालू आहे. कोरमचं अ‍ॅपवाल्या मुलाला सांगतो.