मदत हवी आहे: जुना पेलेट स्टोव्ह पेटतो, पण टिकत नाही

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत व्हरमाँटला राहतो. घरासोबत तळघरात कित्येक वर्षं बंद पडलेला पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट्स, जाळून घर तापवणारी शेगडी) मिळाला. हॉपरमधल्या (साठवणीच्या टाकीतल्या) पेलेट्सना ओल लागून भुसा झाला होता आणि तो ऑगरमध्ये (पेलेट्स पुढे ढकलणाऱ्या फिरत्या स्क्रूमध्ये) घट्ट बसला होता; सगळा खरवडून काढला. बर्नपॉट (पेलेट्स जळतात ते भांडं) साफ केला, दाराची गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) नवी बसवली. आता पेलेट्स पेटतात, पण ज्योत आळसावलेली, नारिंगी. काच लगेच काळी होते आणि थोड्या वेळात ऑगर थांबतो. धूर बाहेर फेकणारा पंखा करकरतोय. त्याचं बेअरिंग गेलंय, की व्हॅक्यूम स्विचची (धूर नीट ओढला जात नसेल तर ऑगर थांबवणाऱ्या स्विचची) नळी राखेने तुंबलीय? आधी काय तपासू? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, तरी घरात लहान मूल असल्याने खात्री झाल्याशिवाय पुन्हा पेटवणार नाही. कुणी हे काम स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.